वायदे बाजारातील लिमिट आणि स्टॉप ऑर्डर : आदेश आणि सौदा यांमधील अंतर

बँकेच्या व्यवहारात ‘स्थायी सूचना’ हा शब्द ग्राहकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. दरमहा पाच तारखेला आवर्ती ठेवीचा हप्ता बचत खात्यातून वळता करावा, अशी सूचना ग्राहक एकदा देतो आणि खात्यात शिल्लक असेल तर ती दर महिन्याला बिनचूक पाळली जाते. सूचना देणारा एक आणि ती पाळणारी संस्था एक, असा हा सरळ व्यवहार असतो. वायदे बाजारात ऑर्डर देणारे अनेक ग्राहक नकळत हाच अनुभव मनात धरून असतात. ‘अमुक भावाला विक्री करा’ असा आदेश दिला म्हणजे त्या भावाला विक्री होणारच, असे ते गृहीत धरतात. प्रत्यक्षात बाजारातील आदेश ही एक मागणी असते. समोर जुळणाऱ्या भावाचा दुसरा पक्ष उभा असेल तरच तिचा सौदा होतो. आदेश आणि सौदा यांमध्ये जे अंतर आहे, त्याची ओळख करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

वायदा : थोडक्यात उजळणी

वायदा म्हणजे ठरावीक वस्तू किंवा निर्देशांक भविष्यातील ठरावीक मुदतीला आज ठरलेल्या भावाने घेण्याचा वा देण्याचा प्रमाणित करार. भारतात संघटित वायदे व्यवहारांची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८७५ साली कापूस व्यापाऱ्यांची संघटना स्थापन झाली, तेव्हापासून हा इतिहास मोजला जातो. त्या काळी व्यापारी गोलाकार रिंगणात उभे राहून ओरडून भाव पुकारत आणि हाताच्या खुणांनी सौदे पक्के होत. आज हे काम संगणक करतो. शेअर निर्देशांकाचे वायदे जून २००० मध्ये, तर राष्ट्रीय पातळीवरील संगणकीकृत वस्तू वायदे २००२ ते २००३ या काळात सुरू झाले. सप्टेंबर २०१५ पासून शेअर आणि वस्तू या दोन्ही वायदे बाजारांचे नियंत्रण ‘सेबी’कडे आहे.

उदाहरणासाठी मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवरील, म्हणजेच ‘एमसीएक्स’वरील, कच्च्या तेलाचा वायदा घेऊ. त्याचा एक लॉट १०० पिंपांचा असतो आणि भाव दर पिंपास रुपयांत सांगितला जातो. म्हणजे भाव एका रुपयाने हलला की एका लॉटमागे १०० रुपयांचा नफा किंवा तोटा होतो. ६,००० रुपये भावाने एका लॉटची एकूण किंमत ६ लाख रुपये होते. मात्र सौदा करताना ही पूर्ण रक्कम द्यावी लागत नाही. तिचा काही भाग मार्जिन म्हणून ठेवावा लागतो आणि भावातील फरकाचा हिशेब रोजच्या रोज होऊन रक्कम जमा वा नावे पडते. थोड्या पैशांत मोठा सौदा उभा राहतो, म्हणूनच तो किती भावाला सुरू झाला आणि किती भावाला मिटला याला येथे विशेष महत्त्व येते.

ऑर्डरची रांग

बाजाराच्या संगणकात प्रत्येक वायद्याची एक ऑर्डर वही असते. तिच्या एका बाजूला खरेदीदार, दुसऱ्या बाजूला विक्रेते. रांग लावण्याचा नियम दोन पायऱ्यांचा आहे. पहिला मान भावाला : जास्त भाव देणारा खरेदीदार पुढे, कमी भाव मागणारा विक्रेता पुढे. भाव सारखाच असेल तर मान वेळेला : ज्याची ऑर्डर आधी आली तो आधी. ग्राहक लहान की मोठा, हे संगणक पाहत नाही.

समजा, एका क्षणी वहीची स्थिती अशी आहे :

खरेदीदार : ६,००० ला ४ लॉट, ५,९९९ ला ६ लॉट, ५,९९८ ला १० लॉट, ५,९९६ ला १५ लॉट.
विक्रेते : ६,००१ ला ३ लॉट, ६,००२ ला ५ लॉट, ६,००३ ला ८ लॉट.

आता एका ग्राहकाने ‘मिळेल त्या भावाला’ १० लॉट खरेदीची ऑर्डर दिली, जिला मार्केट ऑर्डर म्हणतात. संगणक ६,००१ चे ३ लॉट, ६,००२ चे ५ लॉट आणि ६,००३ च्या आठांपैकी २ लॉट त्याला देईल. सरासरी भाव ६,००१ रुपये ९० पैसे पडेल. पडद्यावर ६,००१ दिसत असताना ९० पैसे जास्त का पडले, याचे उत्तर वहीत आहे. पडद्यावरील भाव फक्त पहिल्या तीन लॉटांचा होता. मार्केट ऑर्डरमध्ये सौदा होण्याची बऱ्यापैकी खात्री असते, भावाची नसते. वही भरगच्च असेल तेव्हा हा फरक नगण्य राहतो; वही विरळ असेल, विशेषतः दूरच्या मुदतीच्या वायद्यांत, तेव्हा तो बराच मोठा होऊ शकतो.

लिमिट ऑर्डर : भावाची हमी, सौद्याची नव्हे

लिमिट ऑर्डरमध्ये ग्राहक आपली मर्यादा सांगतो. खरेदीच्या लिमिटचा अर्थ ‘या भावाला किंवा याहून स्वस्त’, विक्रीच्या लिमिटचा अर्थ ‘या भावाला किंवा याहून महाग’. ‘किंवा’ या शब्दाकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. वरील वहीत एखाद्याने ६,०१० च्या लिमिटने एक लॉट खरेदीची ऑर्डर दिली, तर त्याला तो ६,०१० ला नव्हे, ६,००१ ला मिळेल, कारण तेवढ्या स्वस्तात विक्रेता उपलब्ध आहे.

याचीच दुसरी बाजू नवख्या ग्राहकांना महागात पडते. ६,००० ला खरेदी केलेल्या ग्राहकाला वाटते की, भाव ५,९५० पर्यंत घसरला तर आपला सौदा मिटवला जावा. तो ५,९५० च्या लिमिटची साधी विक्री ऑर्डर देऊन ठेवतो. पण ‘५,९५० किंवा याहून महाग’ या अटीत ६,००० चा खरेदीदार आजच बसतो. त्यामुळे ऑर्डर वाट न पाहता त्याच क्षणी पूर्ण होते आणि ग्राहकाचा सौदा कारण नसताना मिटतो. हे काम लिमिट ऑर्डरचे नव्हे, स्टॉप ऑर्डरचे आहे. तिच्याकडे पुढे वळू.

आता चालू भावापेक्षा खालची लिमिट पाहू. वरील स्थितीत एका ग्राहकाने ५,९९८ ला २ लॉट खरेदीची ऑर्डर दिली. त्या भावाला आधीच १० लॉट रांगेत असल्याने त्याचा क्रमांक अकरावा आणि बारावा. यापुढे तीन शक्यता संभवतात. पहिली, भाव ५,९९८ ला येतो, तेथे ७ लॉटांचे सौदे होतात आणि भाव पुन्हा वर जातो. दिवसाचा नीचांक ५,९९८ दिसतो, तरीही या ग्राहकाला काही मिळत नाही. ‘माझा भाव लागला, मग माझी ऑर्डर का नाही लागली?’ या नेहमीच्या तक्रारीमागे बहुतेक वेळा इतकेच कारण असते. दुसरी, त्या भावाला ११ लॉट विकले जातात. ग्राहकाला एकच मिळतो आणि दुसरा रांगेत राहतो. तिसरी, भाव ५,९९८ ओलांडून ५,९९७ ला सौदे होऊ लागतात. भावाला पहिला मान असल्यामुळे ५,९९८ ची सर्व खरेदी संपल्याखेरीज ५,९९७ ला सौदा होऊच शकत नाही; म्हणजे या वेळी ऑर्डर निश्चित पूर्ण झालेली असते.

या तिसऱ्या शक्यतेत एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. खरेदीची लिमिट हमखास पूर्ण होते ती भाव तिच्याही खाली घसरत असताना, म्हणजेच खरेदीदाराला लगेच तोटा दिसू लागतो तेव्हा. भाव किंचित स्पर्श करून वर गेला, म्हणजे खरेदी लाभाची ठरली असती, तेव्हा मात्र ती अनेकदा अपुरी राहते. लिमिट ऑर्डर काही पैसे वाचवते, पण त्याची ही किंमत असते. झालेल्या सौद्यांबरोबर हुकलेले सौदेही हिशेबात धरल्याखेरीज तिचे खरे मोल कळत नाही.

रांगेतील जागेबाबत आणखी एक नियम लक्षात ठेवावा. ऑर्डरचा भाव बदलला किंवा संख्या वाढवली, तर जुनी जागा जाते आणि नव्याने रांगेत उभे राहावे लागते. दर दोन मिनिटांनी एकेक रुपया पुढेमागे करणारा ग्राहक स्वतःच स्वतःला मागे ढकलत असतो.

स्टॉप ऑर्डर : झोपलेला आदेश

स्टॉप ऑर्डर, जिला आपल्याकडे स्टॉप-लॉस असे नाव रूढ आहे, ती दोन टप्प्यांत काम करते. दिल्यानंतर ती मुख्य वहीत जात नाही. संगणक तिला वेगळ्या यादीत ठेवतो. ग्राहकाने सांगितलेल्या ट्रिगर भावाला बाजारात प्रत्यक्ष सौदा झाला की ती जागी होते आणि त्यानंतर मुख्य वहीत प्रवेश करते. खरेदी करून बसलेल्याची विक्री-स्टॉप चालू भावाच्या खाली असते; विक्री करून बसलेल्याची खरेदी-स्टॉप चालू भावाच्या वर असते.

जागी झाल्यावर ती कोणत्या रूपात वहीत जाते, यावर पुढचे सर्व अवलंबून असते. ती मार्केट ऑर्डर होऊन गेली तर मिळेल तो भाव घेते. लिमिट ऑर्डर होऊन गेली तर तिच्यासोबत दुसरा एक भाव, म्हणजे लिमिट भाव, सांगावा लागतो आणि त्या मर्यादेपलीकडे ती सौदा करत नाही. म्हणून स्टॉप-लिमिट ऑर्डरमध्ये दोन भाव असतात : एक जागे होण्याचा, दुसरा सौद्याच्या मर्यादेचा.

६,००० ला एक लॉट घेतलेल्या ग्राहकाने ५,९५० ट्रिगर आणि ५,९४५ लिमिट अशी विक्री-स्टॉप दिली आहे. शांत बाजारात भाव हळूहळू घसरत ५,९५० ला आला, ऑर्डर जागी झाली, समोर ५,९४९ चा खरेदीदार होता. सौदा ५,९४९ ला झाला. तोटा ५१ रुपये गुणिले १००, म्हणजे ५,१०० रुपये. अपेक्षेहून शंभरच रुपये जास्त.

आता दुसरा प्रसंग. अमेरिकेतील तेलसाठ्याचा साप्ताहिक अहवाल सामान्यतः बुधवारी, भारतीय वेळेनुसार रात्री आठ किंवा नऊच्या सुमारास प्रसिद्ध होतो. त्या क्षणापूर्वी अनेक खरेदीदार आपल्या ऑर्डर काढून घेतात आणि वही विरळ होते. अहवाल प्रतिकूल निघाला. ५,९५० ला शेवटचा सौदा झाला, त्यापुढील खरेदीदार थेट ५,९३८ ला. ग्राहकाची ऑर्डर जागी तर झाली, पण तिची मर्यादा ५,९४५. समोरचा देतो आहे ५,९३८. सौदा होत नाही. भाव ५,९०० कडे जातो आणि ‘स्टॉप-लॉस लावला आहे’ या समाधानात असलेल्या ग्राहकाचा सौदा उघडाच राहतो. याच ठिकाणी मार्केट स्वरूपाची स्टॉप असती तर ५,९३८ ला सौदा मिटला असता आणि ५,००० ऐवजी ६,२०० रुपयांचा तोटा झाला असता. या १,२०० रुपयांच्या तफावतीला बाजारात स्लिपेज म्हणतात.

दोहोंपैकी निर्दोष कोणतीच नाही. मार्केट स्टॉप सुटका करून देते, पण भाव सांगत नाही. लिमिट स्टॉप भाव राखते, पण सुटकेची हमी देत नाही. मधला मार्ग म्हणजे ट्रिगर आणि लिमिट यांत पुरेसे अंतर ठेवणे. वरील ग्राहकाने ट्रिगर ५,९५० आणि लिमिट ५,९२० ठेवली असती, तर शांत बाजारात त्याला ५,९४९ च मिळाले असते, कारण लिमिट हा विक्रीचा भाव नसून स्वीकारार्ह भावाचा तळ असतो. आणि वादळी बाजारात ५,९३८ ला सुटका झाली असती. अंतर वाढवल्याने साध्या दिवशी काही जात नाही, कठीण दिवशी मात्र उपयोग होतो. अर्थात ५,९२० च्याही खाली थेट उडी पडली तर हीही ऑर्डर रांगेतच राहील.

मार्केट स्वरूपाच्या स्टॉपमुळे विरळ वहीत विचित्र भावांचे सौदे होऊ लागल्याने बाजारांनीही पावले उचलली. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने सप्टेंबर २०२१ मध्ये ऑप्शनसाठी, तर मुंबई शेअर बाजाराने ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिक व्यापक प्रमाणात ही सोय बंद केली. त्यामुळे ट्रिगर आणि लिमिट हे दोन्ही भाव विचारपूर्वक ठरवणे ही आता ग्राहकाची स्वतःची जबाबदारी झाली आहे.

ट्रिगर कारण विचारत नाही

भाव योग्य कारणाने आला की चुकीने, हे स्टॉप ऑर्डरला कळत नाही. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका दलाली पेढीकडून निफ्टीतील शेअरांच्या विक्रीच्या ५९ चुकीच्या ऑर्डर बाजारात गेल्या आणि ६५० कोटी रुपयांहून अधिक रकमेचे सौदे झाले. निर्देशांक काही क्षणांत सुमारे ९०० अंकांनी कोसळला आणि व्यवहार काही काळ थांबवावे लागले. भाव लवकरच सावरले. परंतु अशा कोसळण्याच्या वाटेत ज्यांच्या विक्री-स्टॉप पडून असतात, त्या जाग्या होतात आणि सावरलेल्या भावाचा लाभ त्या ग्राहकांना मिळत नाही.

गोल आकड्यांचेही असेच आहे. ६,०००, ५,९५०, ५,९०० अशा आकड्यांवर अनेकांच्या स्टॉप एकत्र साचतात. तेथे भाव पोहोचला की एकाच वेळी अनेक विक्री-ऑर्डर जाग्या होतात, त्या भाव आणखी खाली नेतात आणि त्याखालच्या स्टॉप जाग्या होतात. पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे एकामागून एक थर ढासळतो. म्हणून स्टॉपची जागा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे एवढ्यावरून ठरवू नये. त्या वायद्याचा रोजचा चढउतार किती असतो, हे पाहून ती ठरवावी.

बाजार बंद असतो तेव्हा

स्टॉप ऑर्डरची सर्वांत मोठी मर्यादा वेळेची आहे. बाजार चालू असेल तेव्हाच ती काम करू शकते. साधी दिवसाची ऑर्डर तर बाजार बंद होताच आपोआप रद्द होते आणि दुसऱ्या दिवशी नव्याने द्यावी लागते.

१५ मे २००९, शुक्रवारी निफ्टी ३,६७१.६५ वर बंद झाला. शनिवारी लोकसभा निवडणुकीचे निकाल लागले. सोमवारी, १८ मे रोजी, बाजार उघडताच निर्देशांक वरच्या सर्किटला भिडला आणि व्यवहार थांबले. दोन तासांनी पुन्हा सुरू होताच पुन्हा सर्किट लागले आणि दिवसभरासाठी बाजार बंद झाला. निफ्टी ४,३२३.१५ वर, म्हणजे ६५१.५० अंकांनी वर थांबला. निर्देशांकाचा वायदा विकून बसलेल्या एखाद्याने शुक्रवारी मनाशी ठरवले असेल की ३,७५० च्या आसपास खरेदी करून तोटा आवरायचा, तर सोमवारच्या त्या मोजक्या क्षणांत त्याचा बेत कागदावरच राहणार हे उघड आहे. अशा दिवशी वहीत खरेदीदारांची रांग लागते आणि विक्रेता सापडत नाही. वस्तू वायद्यांतही दैनिक भावमर्यादेला भाव टेकला की हेच घडते : ऑर्डर जागी असते, पण समोर कोणी नसते.

याहून कठोर धडा एप्रिल २०२० मध्ये मिळाला. टाळेबंदीमुळे ३० मार्च २०२० पासून वस्तू वायदे बाजार रात्रीऐवजी सायंकाळी पाच वाजताच बंद होत होते. २० एप्रिल हा एमसीएक्सवरील कच्च्या तेलाच्या एप्रिल वायद्याचा शेवटचा दिवस. पाच वाजता शेवटचा भाव होता पिंपामागे ९६५ रुपये. या वायद्याची अंतिम तडजोड मात्र अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या बाजारातील भावावर व्हायची होती आणि तेथील खरी हालचाल भारतीय रात्रीची होती. साठवणुकीला जागा उरली नव्हती, मागणी ठप्प होती, मुदत संपत आली होती. त्या रात्री तेथील मे महिन्याचा वायदा इतिहासात प्रथमच शून्याखाली गेला आणि पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर स्थिरावला. त्यानुसार भारतातील तडजोडीचा भाव ठरला उणे २,८८४ रुपये.

या आकड्यांचा अर्थ असा. पाच वाजता एका लॉटची संपूर्ण किंमत होती ९६,५०० रुपये. ज्याने तो खरेदी करून ठेवला होता, त्याच्या नावे रात्रभरात ३,८४,९०० रुपये पडले. म्हणजे सौद्याच्या पूर्ण किमतीच्या जवळजवळ चौपट. ‘भाव शून्यावर आला तरी ९६,५०० पलीकडे आपले काही जाणार नाही’ हा हिशेबसुद्धा चुकला. त्या काळात कोणतीही स्टॉप ऑर्डर उपयोगी पडणे शक्य नव्हते, कारण ती जागी व्हायला बाजारच चालू नव्हता. उपाय एकच होता : पाचच्या आत सौदा मिटवणे, किंवा मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत तो न नेणे.

संरक्षणासाठी वायदा करणारे

आतापर्यंतचे विवेचन मुख्यतः भावातील फरकावर नफा शोधणाऱ्यांचे झाले. बँकेच्या उद्योजक व व्यापारी ग्राहकांपैकी काही जण मात्र मालाच्या भावाचा धोका टाळण्यासाठी वायदा करतात. गोदामात चांदीचा साठा असलेल्या व्यापाऱ्याने भाव घसरण्याच्या भीतीने चांदीचा वायदा विकला, तर साठ्यावरील तोटा वायद्यातील नफ्याने भरून निघतो आणि उलटही तसेच. अशा विक्रीवर त्याने खरेदी-स्टॉप लावली, तर भाव थोडा वाढताच वायदा तोट्यात मिटेल आणि साठा पुन्हा उघडा पडेल. नंतर भाव कोसळला तर दोन्हीकडून नुकसान. संरक्षणाच्या सौद्याला स्टॉपची गरज क्वचितच असते. त्याला गरज असते ती वाढत्या भावाच्या काळात रोजच्या हिशेबासाठी लागणाऱ्या रोख रकमेची. ही तजवीज आधी केलेली नसेल, तर योग्य सौदासुद्धा अर्ध्यावर सोडावा लागतो.

शाखेतील कर्मचाऱ्यांनी या ठिकाणी सावध असावे. खेळत्या भांडवलासाठी मंजूर केलेली कॅश क्रेडिटची रक्कम सट्ट्याच्या मार्जिनकडे वळत असेल, तर तो कर्जाच्या उद्देशाचा भंग ठरतो. खात्यातून दलाली पेढीकडे वारंवार आणि वाढत्या रकमा जाऊ लागल्या, तर त्याची वेळीच आणि सौजन्याने चौकशी करणे ग्राहकाच्याही हिताचे असते. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, शेअर बाजाराच्या फ्युचर्स आणि ऑप्शन विभागात आर्थिक वर्ष २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत व्यवहार करणाऱ्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात राहिले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. मुदत ठेव मोडून या बाजारात उतरण्याचा विचार करणाऱ्या ग्राहकाला ही माहिती मिळालेली असावी.

व्यवहारात काय करावे?

१. ऑर्डर देण्यापूर्वी फक्त शेवटचा भाव पाहू नये. दोन्ही बाजूंना किती लॉट उभे आहेत तेही पाहावे. वही विरळ असेल तर मार्केट ऑर्डर टाळावी.

२. लिमिट ऑर्डर अपुरी राहिली तर काय करायचे, हे ती देतानाच ठरवावे. ऐनवेळी भावामागे धावल्याने वाचवलेल्यापेक्षा जास्त जाते.

३. स्टॉप ऑर्डर देताना ट्रिगर आणि लिमिट भावांची अदलाबदल झालेली नाही, हे पुन्हा तपासावे. विक्री-स्टॉपमध्ये लिमिट ट्रिगरच्या खाली, खरेदी-स्टॉपमध्ये ट्रिगरच्या वर असावी आणि दोहोंत पुरेसे अंतर असावे.

४. सौदा हाताने मिटवल्यावर त्याची पडून असलेली स्टॉप ऑर्डर आठवणीने रद्द करावी. अन्यथा ती नंतर जागी होऊन नवाच, उलट दिशेचा सौदा उभा करते.

५. ऑर्डरची मुदत कोणती आहे आणि ती बाजाराच्या संगणकात आहे की दलालाच्या, हे विचारून घ्यावे. ‘ट्रिगर होईपर्यंत’ या नावाने मिळणारी सोय बहुधा दलालाच्या यंत्रणेत असते.

६. वायद्याची शेवटची तारीख, तडजोडीचा भाव कोठून येतो आणि तो ठरताना आपला बाजार चालू असेल का, या तीन गोष्टी सौदा करण्यापूर्वी माहीत असाव्यात.

७. सौद्यानंतर २४ तासांत मिळणारी कॉन्ट्रॅक्ट नोट वाचावी. तीत ऑर्डरची आणि सौद्याची वेळ स्वतंत्र दिलेली असते. ट्रिगर भाव आणि प्रत्यक्ष भाव यांची नोंद काही महिने ठेवली, तर स्लिपेज किती पडते याचा अंदाज स्वतःच्याच अनुभवातून येतो.

समारोप

या सर्वांतून निघणारा मुख्य निष्कर्ष सौद्याच्या आकाराविषयी आहे. पुष्कळ ग्राहक आधी स्टॉपची जागा ठरवतात, तेवढाच तोटा होईल असे मानतात आणि त्या हिशेबाने लॉटांची संख्या वाढवतात. ५० रुपयांवर स्टॉप असेल तर एका लॉटला ५,००० रुपये, मग पाच लॉट घ्यायला हरकत काय, असा हा विचार असतो. परंतु स्टॉप हा नेहमीच्या दिवसांतील तोट्याचा अंदाज आहे, कमाल तोट्याची सीमा नव्हे. बाजार बंद असताना भावाने दहापट उडी घेतली, तर स्टॉप असो वा नसो, पाच लॉटांवर अडीच लाख रुपये जातील. ते सोसण्याची ताकद खात्यात असेल तरच पाच लॉट घ्यावेत. नसेल तर एक घ्यावा, किंवा घेऊच नये. लिमिट आणि स्टॉप ऑर्डर ही शिस्त पाळण्याची उत्तम साधने आहेत. किती लॉट घ्यायचे हा निर्णय मात्र बाजार उघडण्यापूर्वी आणि आपल्या पासबुकातील शिल्लक समोर ठेवूनच घ्यावा लागतो.